चार जबड्यांचा चक

भंगार बाजारात गिऱ्हाईक भाव न पटून उठलं आणि चालायला लागलं, की दुकानदाराने त्याला हाक मारायची असते. गिऱ्हाईकाने पहिली हाक ऐकू आली नाही असं दाखवायचं आणि दुसऱ्या हाकेला वळायचं. मग भाव उतरतो आणि दोघंही आपलंच नुकसान झालं असा चेहरा करून व्यवहार पुरा करतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण अंबड लिंक रोडच्या बाजारात मी जेवढी वर्षं खरेदी केली तेवढी वर्षं हे असंच चाललं. फक्त एकदा मी उठलो, चालायला लागलो आणि हाक आली नाही. त्या दुकानदाराबद्दल मी त्यानंतर कुणाशी चांगलं बोललेलो नाही, आणि इथेही बोलणार नाही.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आयटीआय करून मी सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतो आणि सिडकोत माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या घराची खिडकी, फरशी, नळ, सगळं मी भाव करून आणलेलं होतं. घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनं बटाला बनावटीचं लेथ मशीन उचललं. स्वस्त मिळालं. का स्वस्त मिळालं ते टेम्पोतून उतरवल्यावर कळलं. सुटं होण्यासारखं जे जे होतं ते मालकाने आधीच वेगळं विकलं होतं. तीन जबड्यांचा एक चक तेवढा राहिला होता, कारण तो गंजून मशीनला धरून बसला होता.

बायको शेडच्या दारात उभी राहून बघत होती.

"हे चालतं का?"

"चालतं म्हणजे? फिरतं की."

"नुसतं फिरतं?"

"बाकीचं सामान आणायचंय अजून."

"मग तुम्ही आणलंय काय?" ती म्हणाली आणि आत गेली.

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. लेथ फक्त फिरवायचं काम करतं. फिरणारा जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, पकडायला चक लागतो, कापायला टूल लागतं, लांब जॉबला पलीकडून टेकू द्यायला सेंटर लागतं, आणि केलेलं बरोबर आलं की नाही हे बघायला मोजमापाची हत्यारं लागतात. हे सगळं नवं घ्यायचं म्हटलं तर त्यात दुसरं लेथ आलं असतं. म्हणून दर सुट्टीला मी सायकलवर पोतं टाकून भंगार बाजारात जायला लागलो.

तिथे काय घ्यावं यापेक्षा काय ठेवून द्यावं हे कळावं लागतं. टूलचा तुकडा दिसायला सगळा सारखाच. तो दुकानातल्या ग्राइंडरला लावून बघायचा. ठिणगी लालसर आणि आखूड आली तर माल चांगला. फुलबाजीसारखी फुटली तर ते साधं लोखंड, दुकानदार आईची शपथ घेत असला तरी. फिरतं सेंटर कानाशी धरून फिरवायचं. आतलं बेअरिंग खराब असेल तर दळण दळल्यासारखं ऐकू येतं. माप घ्यायच्या व्हर्निअरची दोन टोकं मिटवून ती उन्हाकडे धरायची, मधून उजेड दिसला तर पुढचं बोलायचंच नाही. चकाचे जबडे हाताने हलवून बघायचे आणि त्यांच्यावरचे आकडे वाचायचे, कारण दोन मोडक्या चकांचे जबडे एकत्र करून एक अखंड चक विकायची कला या बाजारात फार जुनी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जी वस्तू पाहिजे तिचं नाव पहिल्यांदा घ्यायचं नाही. आधी नको असलेल्या तीन-चार वस्तूंचे भाव विचारायचे, त्यावर भांडायचं आणि जाता जाता हव्या असलेल्या वस्तूला पाय लावून म्हणायचं, "हे काय पडलंय?"

अशा रीतीने वर्षभरात मी टूल, सेंटर, ड्रिल चक, टूल पोस्ट आणि जॉब मध्यावर आहे का ते काट्याने दाखवणारा एक चांगला डायल गेज जमवला. यातल्या कुठल्याही वस्तूला दुकानदाराने सांगितलेला भाव मी दिलेला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला बायकोने लेथला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, घोटीचे एक शेठ घरी आले. त्यांची भाताची गिरणी होती. माझ्या मामेभावाचं भात त्यांच्याकडे भरडायला जायचं, त्याने माझं नाव सांगितलं होतं. शेठनी पिशवीतून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन ओबडधोबड ठोकळे काढून ओट्यावर ठेवले. गिरणीच्या शाफ्टचं बेअरिंग ज्यात बसतं ते हे घर. जुनं तडकलं होतं, म्हणून त्यांनी फाउंड्रीतून नवं ओतून घेतलं होतं. त्याला मधोमध अचूक भोक पाडून द्यायचं होतं.

"दिवाळी झाली की भात यायला लागतं," शेठ म्हणाले. "तोवर बसलं पाहिजे. हे जमलं तर गिरणीचं सगळं काम तुमच्याकडे. आमच्या भावकीच्या अजून गिरण्या आहेत. नाही जमलं तर आत्ताच सांगा, राग नाही."

"जमलं असं समजा," मी म्हणालो.

ठोकळे चौकोनी होते. तीन जबड्यांचा चक गोल वस्तू धरतो, चौकोनी धरत नाही. त्याला चार जबड्यांचा चक लागतो, ज्याचा प्रत्येक जबडा वेगळा हलतो. माझ्याकडे तो नव्हता. पण दिवाळीला अवकाश होता.

त्याच आठवड्यात कारखान्यात फोरमनने माझ्या एका जॉबवर सगळ्यांसमोर खडूने फुली मारली. जॉब बरोबर होता. मी त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण शेवटचं वाक्य "दिवाळीनंतर मी इथे दिसणार नाही" असं होतं. त्याने ते लगेच वर जाऊन सांगितलं. वरच्यांना तेव्हा माणसं कमीच करायची होती. त्यांनी माझं म्हणणं आनंदाने मान्य केलं.

तेव्हा स्थिती अशी होती. दिवाळीनंतर पगार बंद. घोटीची गिरणी मिळाली तर घर चालणार. गिरणी मिळायची तर ते दोन ठोकळे झाले पाहिजेत. आणि ठोकळे व्हायचे तर चार जबड्यांचा चक पाहिजे. बायकोला मी यातलं चकापुरतंच सांगितलं. बाकीचं तिला शेजारणीकडून कळलं.

उरलेली रजा टाकून मी बाजार पालथा घातला, आणि चक दिसला तो बाजाराच्या टोकाच्या दुकानात. दुकानदाराला सगळे चाचा म्हणायचे. ट्रकची जुनी सीट टाकून त्यावर ते बसलेले असत. चक सीटच्या बाजूलाच पडला होता. गंजलेला तीन जबड्यांचा चक रॉकेल पाजून मी केव्हाच सोडवला होता, आणि मशीनच्या तोंडाच्या आट्यांचं माप म्हणून एक लोखंडी गट्टू मी कायम खिशात घेऊन फिरायचो. चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असताना मी तो चकाच्या मागच्या बाजूला लावून पाहिला. दुधाच्या किटलीला झाकण बसावं तसा बसला. जबडे घट्ट, आकडे एक ते चार, सगळे एकाच घरचे. गट्टू खिशात टाकून मी उभा राहिलो आणि कोपऱ्यातल्या एका डेड सेंटरचा, म्हणजे न फिरणाऱ्या सेंटरचा, भाव विचारला. मग एका पान्याचा विचारला. मग एका मोडक्या पंपाचा.

"मिस्त्री, ते राहू द्या," चाचा म्हणाले. "तुम्हाला चक पाहिजे."

"कोण म्हणतं?"

"ज्याच्यावर पाय ठेवून उभे आहात, त्याचा भाव सोडून सगळे भाव विचारून झाले."

मी पाय काढला. "केवढ्याला?"

"बाराशे."

"सहाशे."

"सहाशेत त्याची चावी येते."

"चावी कुठंय?"

"चावी नाहीये."

"मग सहाशे मी जास्तच बोललो."

यावर चाचा हसले. तासभर आम्ही बोललो. त्यांनी मला तो चक कुठल्या कारखान्यातून आला ते सांगितलं, मी त्यांना तो कारखाना का बंद पडला ते सांगितलं. शेवटी ते नऊशेवर थांबले आणि मी साडेआठशेवर. पन्नास रुपयांचा प्रश्न राहिला. असल्या वेळी काय करायचं ते मला शिकवायची गरज नव्हती. मी "राहू द्या मग" म्हणालो, पोतं झटकलं आणि निघालो.

समोर चहाची टपरी होती. मी तिथे चाचांना नीट दिसेल असा उभा राहिलो आणि चहा सांगितला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. चहा गरम होता, म्हणून मला वेळ लागला, आणि तो मुद्दामच लावला.

एवढ्यात एक उंच म्हातारे गृहस्थ दुकानाशी आले. इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, पाठ सरळ. त्यांनी चाचांना काहीतरी विचारलं. चाचांनी चकाकडे बोट दाखवलं. ते वाकले, चार जबड्यांवरून एकदा हात फिरवला आणि खिशातून पैसे काढून मोजून दिले. भाव करायला म्हणून तोंड उघडलं नाही. मग रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याच्या मदतीने चक आत ठेवला. मी कप टाकून रस्ता ओलांडेपर्यंत रिक्षा निघाली होती.

"चाचा, चक?"

"गेला."

"गेला म्हणजे? माझं बोलणं चाललं होतं."

"तुम्ही गेलात ना, मिस्त्री."

"मी गेलो नव्हतो! चहा पीत होतो."

"दुकानातून बाहेर गेलं की गेलंच म्हणायचं."

"हाक का नाही मारली?"

"तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात. म्हटलं, रागावले असतील."

"केवढ्याला दिला?"

चाचांनी चष्मा पुसला. "बाराशे."

त्यानंतर मी जे बोललो ते ऐकायला आजूबाजूच्या दुकानांतून लोक जमले. शेवटी चाचा एवढंच म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यासारखे रोज येतात. त्यांच्यासारखा वर्षातून एक येतो. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं?" मी काय केलं असतं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न हाकेचा होता, आणि त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

घरी आलो. बायको लाडवांसाठी रवा भाजत होती. "मिळाला?" असं तिने पाठमोरीच विचारलं.

"पन्नास रुपयांवरून राहिला."

कढईतलं उलथनं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या मोठ्या मशिनरीच्या दुकानात गेलो. नवा चक होता, चकचकीत, तेलकट कागदात गुंडाळलेला. काउंटरवर पाटी होती, 'एकच भाव'. मी थोडं कमी करा म्हटल्यावर मालक म्हणाला, "पाटी वाचता येते ना?"

"येते. पण मी पाटीशी बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतोय."

यावर आमचं जरा वाजलं. पण खरी अडचण भावाची नव्हती. नवा चक सरळ मशीनला बसत नाही. मध्ये बॅकप्लेट म्हणून एक जाड तबकडी लागते, ती फाउंड्रीतून ओतून आणावी लागते आणि तिला आपल्या मशीनचे आटे पाडावे लागतात. फाउंड्रीत गेलो, तर भट्टी विझलेली. कामगार दिवाळीला गावी गेले होते. तिथल्या वॉचमनने सांगितलं, तुळशीच्या लग्नानंतर या. तोपर्यंत शेठचं भात दुसऱ्या कुणीतरी बसवलेल्या बेअरिंगवर भरडून झालं असतं.

तेव्हा माझ्या मशीनला आज बसेल असा चार जबड्यांचा चक माझ्या माहितीत एकच उरला, आणि तो रिक्षात बसून गेला होता. मला पुन्हा चाचांकडे जावं लागलं.

"ते मिशीवाले कोण होते?"

"डेड सेंटरचा भाव विचारत होतात ना परवा?" चाचा म्हणाले.

मी ते डेड सेंटर घेतलं. सांगितलेल्या भावात घेतलं. माझ्याकडे त्याच्याहून चांगलं होतं.

"देवळाली कॅम्प," पैसे खिशात घालत चाचा म्हणाले. "रिटायर सुभेदार आहेत. रिक्षा स्टँडवर विचारा, कुणीही सांगेल. शरीफ आदमी है, त्यांच्याशी घासाघीस करू नका."

सुभेदारांच्या घराला लहान बाग होती आणि कुंड्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. ते स्वतः दार उघडायला आले. मी वर्कशॉप कुठे दिसतंय का ते पाहिलं. शेड नव्हती. मशीनचा आवाज नव्हता. ग्रीसचा वाससुद्धा नव्हता.

"परवा तुम्ही बाजारातून चक आणलात," मी म्हणालो. "सहज बघायला आलो. मला अशा वस्तूंची आवड आहे."

"या की. वर आहे."

वर म्हणजे गच्चीवर. गच्चीच्या मधोमध विटांच्या रिंगणावर चक आडवा ठेवलेला होता. त्याच्या चार जबड्यांत एक चौकोनी पाइप उभा पकडलेला होता, आणि पाइपच्या टोकाला टीव्हीची अँटेना होती. चकाला सगळीकडून चांदीसारखा रंग मारलेला होता, जबड्यांच्या खाचांतसुद्धा.

मी चकाभोवती एक फेरी मारली. सुभेदारांना ते कौतुक वाटलं.

"जुना स्टँड पावसाने खाल्ला," ते म्हणाले. "वाऱ्याने अँटेना फिरायची आणि बातम्या लागल्या की मुंग्या दिसायच्या. त्या दुकानदाराला म्हटलं, चौकोनी पाइप पक्का धरेल असं काहीतरी जड दे. तो म्हणाला, तीन जबड्यांचं चालणार नाही, चारच घ्या."

"बरोबर सांगितलं त्याने."

"रविवारी गवंडी येणार आहे. सिमेंटमध्ये बसवून टाकतो. मग हलायचं नाव नको."

रविवार परवा होता.

मी बाजारातल्या सवयीने आडून सुरुवात केली. म्हणालो की एवढं लोखंड गच्चीवर असलं की वीज ओढून घेतं. सुभेदार म्हणाले, वीज पडायची तर वरच्या अँटेनावर पडेल, खाली चक आहे की वीट आहे हे ती बघायला येणार नाही. मी म्हणालो, गच्चीला वजन पेलणार नाही. ते म्हणाले, बांधकाम त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलंय. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला तो हवा आहे का?"

असं सरळ कुणी विचारलं की मला काय करावं ते सुचत नाही. मी हो म्हणालो. मग शेठचे ठोकळे, दिवाळी, फोरमन, सगळंच सांगून बसलो.

"मग हे आधी नाही का सांगायचं? घेऊन जा."

"केवढ्याला?"

"केवढ्याला काय? नड आहे तर घेऊन जा. झालं काम की आणून द्या, नाहीतर ठेवा तुमच्याकडे."

"असं कसं? भाव सांगा ना काहीतरी."

"मला भाव करता येत नाही," सुभेदार म्हणाले. "दुकानदार सांगतो, मी देतो. ती भानगडच नको वाटते."

मला हा माणूस समजेना. भाव सांगितला असता तर तो पाडायचा कसा हे मला माहीत होतं. भावच नाही म्हटल्यावर हात घालायला जागा नव्हती. फुकट घेतलेल्या वस्तूचं देणं कधी फिटतं हेही कळत नाही. मी उभाच राहिलो. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

"अहो, काय घेऊन जा?"

सुभेदारांच्या मंडळी वर आल्या. हातात भुईमुगाच्या शेंगांची परडी होती. सुभेदारांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, कठड्यावर बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

"चक नेतील ते," त्या म्हणाल्या, "मग अँटेना कशात उभी करायची? तुमच्या मिशीत?"

"काकू, मी स्टँड करून देतो," मी म्हणालो. "ट्रकचं जुनं ब्रेक ड्रम आणतो, त्याला पाइप वेल्डिंग करून देतो. याच्यापेक्षा जड."

"रंग?"

"रंगही देतो."

"हाच रंग?"

"हाच."

एक शेंग सोलून झाली. "फाटकाची कडी निसटते."

"बघतो."

"बघतो नको. करतो म्हणा."

"करतो."

"शिलाई मशीनच्या चाकाचा खिळा झिजलाय. इथे सगळे म्हणतात, मिळत नाही."

"मिळत नाही. करावा लागेल. करून देतो."

"आणि माझ्या खलबत्त्याचा बत्ता तळाशी चपटा झालाय."

"काकू, बत्ता दगडी की पितळी?"

"पितळी."

"तोही करतो."

मी चटकन हो म्हणत होतो ही चूक होती. चटकन हो म्हणणाऱ्याकडून आणखी मागायचं असतं, आणि त्या बाईंना ते माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. परडी संपेपर्यंत त्यात देवघराच्या घंटेचा लोलक आला, झोपाळ्याच्या कडीचं बुश आलं, आणि त्यांच्या बहिणीच्या घरची अँटेना आली. सुभेदार शरमून बागेत निघून गेले. मी एकदा म्हणालो, "काकू, आता पुरे." त्या म्हणाल्या, "बरं, मग राहू द्या. रविवारी गवंडी येतोच आहे." मी म्हणालो, बहिणीचा पत्ता द्या.

"आणि आधी स्टँड," त्या उठताना म्हणाल्या. "मग चक. संध्याकाळी माझी मालिका असते, एक भाग चुकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी ब्रेक ड्रम आणलं. भाव केला नाही, वेळ नव्हता. ओळखीच्या वेल्डरकडून पाइप जोडून घेतला, रंग लावला, तो वाळेपर्यंत फाटकाची कडी केली. बायको टेम्पोत माझ्याबरोबर आली होती. ती आणि काकू स्वयंपाकघरात बसून काय बोलल्या मला माहीत नाही, पण परत येताना तिच्या मांडीवर अनारशांचा डबा होता आणि ती म्हणाली, "चांगल्या आहेत हो त्या. तुमच्यासारख्याच आहेत." मालिका लागण्याआधी अँटेना नव्या स्टँडवर उभी होती. चक माझ्या पायाशी होता.

रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासत त्याचा रंग काढायला बराच वेळ गेला. जबडे फिरवायची चावी मी चौकोनी सळईची करून घेतली. चक मशीनवर चढवला, तो शेवटच्या आट्यापर्यंत हाताने गेला. पहिला ठोकळा त्यात धरला. चार जबड्यांच्या चकात जॉब आपोआप मध्यावर येत नाही. एक जबडा सैल करायचा, समोरचा आवळायचा, मशीन हाताने फिरवून डायलचा काटा बघायचा, पुन्हा सैल, पुन्हा आवळायचा. काटा डोलायचा थांबेपर्यंत हेच. दिवाळीचे फटाके वाजत होते. त्यांच्या हादऱ्याने काटा हलतो की काय असं मला वाटायचं, म्हणून गल्लीत बाहेर जाऊन मी एकदोनदा ओरडूनही आलो. बीड कापताना काळी भुकटी उडते. पहाटेच्या उटण्याच्या वेळी बायकोने मला पाहिलं आणि आधी राखेने हात धुवायला लावले.

दोन्ही ठोकळे झाले. पोत्यात घालून मी एसटीने घोटीला गेलो.

गिरणीसमोर भाताची पोती यायला सुरुवात झाली होती. बैलगाड्या होत्या, एक ट्रॅक्टर होता. शेठनी पोतं आत नेलं. त्यांच्या मिस्त्रीने बेअरिंग बसवली. ती लाकडी हातोडीच्या दोन टोल्यांत जागेवर गेली. शाफ्ट चढवला, पट्टा घातला, मोटर सुरू केली. गिरणीचा एकदम मोठा आवाज झाला. शेठ पुढे गेले आणि त्यांनी माझ्या एका ठोकळ्यावर पंजा ठेवला. ठोकळा तापला तर काम चुकलं, एवढीच परीक्षा. ते तसेच उभे राहिले. पहिलं पोतं संपलं. दुसरं ओतलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. माणूस भाजलं की हात काढतो. त्यांनी हात काढला तो बिडी पेटवायला, आणि पेटवून पुन्हा तिथेच ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले.

मग ते मला गिरणीच्या मागे घेऊन गेले. तिथे पत्र्याच्या आडोशाला गेल्या कित्येक हंगामांचं मोडकं सामान रचलेलं होतं. झिजलेल्या पुली, दात गेलेले गियर, वाकडे बोल्ट. शेठनी त्यातून एक शाफ्ट ओढून बाहेर काढला. तो जवळजवळ त्यांच्या उंचीचा होता आणि मधोमध झिजलेला होता.

"हा करा आधी," ते म्हणाले.

एवढा लांब शाफ्ट लेथवर फिरवायचा तर मध्ये लवू नये म्हणून त्याला स्टेडी रेस्ट नावाचा आधार लागतो. माझ्याकडे तो नव्हता. बाजारात एकाच दुकानात मी तो पडलेला पाहिला होता, ट्रकच्या सीटच्या मागे.

"कधी पाहिजे?" मी विचारलं.